मॉरिसव्हिलमधून पाहिलेला सीझन

मुलाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "दे रिलीज्ड मी, आई," तो म्हणाला. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. आमच्याकडे काही रिलीज झालं की सगळे एकमेकांचं अभिनंदन करतात, दुपारी केक येतो. त्यामुळे क्षणभर मला वाटलं, काहीतरी चांगलं झालंय. मग तो पुढे काही बोलेना, तेव्हा कळलं. बेसबॉलमध्ये टीमला खेळाडू नकोसा झाला की त्याला रिलीज करतात. त्याने आपलं सामान गाडीत भरायचं आणि घरी जायचं.

तो पिचर होता, डावखुरा. क्रिकेटमध्ये बोलर असतो तसा बेसबॉलमध्ये पिचर, फक्त तो धावत येत नाही. मैदानात मातीचा एक उंचवटा असतो, त्यावर उभं राहून फेकतो. कॉलेजात असताना त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं होतं. त्यातून बरा होऊन तो पुन्हा फेकायला लागला, व्यावसायिक बेसबॉलच्या अगदी खालच्या पायरीवर त्याला एका टीमने घेतलं, आणि मग काही वर्षं तो लहान लहान गावांतून बसने हिंडत राहिला. आम्ही नवरा-बायको सुट्टी काढून अधूनमधून मॅच बघायला जायचो. ऊन, घामेजलेल्या खुर्च्या, आणि तो येईल की नाही याची वाट बघणं. बरेचदा तो यायचाच नाही, त्या दिवशी त्याची गरज पडायची नाही. आम्ही त्याला मॅचनंतर जेवायला घालून परत मॉरिसव्हिलला, नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या घरी यायचो.

तो घरी आला तो उन्हाळा फार शांत गेला. वरच्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत नवऱ्याने ट्रेडमिल ठेवलं होतं, ते पुन्हा गराजमध्ये गेलं. जवळच्या एका हॉलमध्ये तो लहान मुलांना पिचिंग शिकवायला जायचा. मराठी मंडळाच्या गणपतीला मीच त्याला आग्रह करून नेलं, आणि तिथे जी ती काकू त्याला विचारत होती, मग आता पुढे काय? "फिगरिंग इट आउट, काकू," असं तो प्रत्येकीला तितक्याच शांतपणे सांगत होता. परत येताना गाडीत मला वाटलं, उगीच नेलं.

सप्टेंबर संपता संपता त्याने जेवताना सांगितलं की दक्षिण अमेरिकेतून त्याला बोलावणं आलंय. तिकडे कोलंबिया आणि आजूबाजूच्या देशांतल्या सहा शहरांची मिळून एक व्यावसायिक लीग होती. इकडचा सीझन संपला की तिकडचा सुरू व्हायचा, ऑक्टोबर ते जानेवारी. कोलंबियातल्या समुद्रकाठच्या एका शहराच्या टीमला डावखुरा पिचर हवा होता.

"तिकडे जाऊन काय होणार आहे?" नवऱ्याने विचारलं. तो मूळचा पुण्याचा, ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर. घरातसुद्धा त्याला प्रत्येक गोष्टीचा पुढचा टप्पा आधी कळावा लागतो.

"आय डोन्ट नो. आय'ल पिच."

"ते तर इथेही करत होतास."

मुलगा ताटातला भात इकडून तिकडे करत राहिला. मग म्हणाला, "बाबा, इथे मी संपलो नाही. मला संपवलं. देअर इज अ डिफरन्स."

नवऱ्याने त्याच्याकडे आमटीचं भांडं सरकवलं. विमानतळावर सोडायला मात्र तोच गेला. मला मीटिंग होती. परत आल्यावर मी विचारलं, काय बोललात रस्त्यात? तर म्हणाला, "ट्रॅफिकबद्दल."

मॅचेस इंटरनेटवर दिसायच्या, संध्याकाळी सात-साडेसातला. आमच्यात आणि त्यांच्यात वेळेचा फारसा फरक नव्हता, ही एक सोय होती. नवऱ्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला. कॅमेरे दोन-तीनच, चित्र मधेच अडकायचं, कॉमेंट्री सगळी स्पॅनिशमध्ये. एका कोपऱ्यात स्कोअर आणि दुसऱ्या कोपऱ्यात पिचरने टाकलेल्या चेंडूचा वेग. आम्हाला कळण्यासारखं तेवढंच. पहिल्यांदा तो मैदानात आला तेव्हा कॉमेंट्री करणारा माणूस एकदम जोरात काहीतरी बोलला आणि त्यात "एल इंदू" असं दोन-तीनदा आलं.

"इंदू?" नवरा म्हणाला. "हे तर आपल्याकडे बायकांचं नाव."

आमच्या घरापासून दोन दारं सोडून एक वयस्कर बाई राहायच्या, लेकीकडे. स्पॅनिश बोलायच्या एवढं माहीत होतं, बाकी इतक्या वर्षांत आमचं हात हलवण्यापलीकडे गेलेलं नव्हतं. आम्ही घरात त्यांना शेजारच्या काकू म्हणायचो. दुसऱ्या दिवशी त्या कुत्र्याला फिरवताना दिसल्या तेव्हा मी थांबवून विचारलं, एल इंदू म्हणजे काय हो?

त्या हसल्या. त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी समजावलं की शब्द हिंदू आहे, पण स्पॅनिशमध्ये एच उच्चारत नाहीत. तिकडे भारतातून आलेला कोणीही असो, त्याला हिंदूच म्हणतात, त्यात देवाधर्माचा काही संबंध नाही. "कोणाला म्हणाले?" त्यांनी विचारलं. मी मुलाबद्दल सांगितलं. शहराचं नाव ऐकून त्या कुत्र्याची दोरी हातात घेऊन उभ्याच राहिल्या. त्या कोलंबियाच्याच निघाल्या. पण किनाऱ्यावरच्या नव्हेत, वर डोंगरातल्या. अमेरिकेत आल्यापासून एकदाही परत गेलेल्या नव्हत्या.

"तुम्ही मॅच बघायला या ना," मी म्हणाले. "आम्हाला ते काय बोलतात ते सांगा."

त्या आल्या. येताना मक्याच्या पिठाच्या जाड भाकऱ्या घेऊन आल्या, मध्ये चीज भरलेलं. सोफ्यावर अगदी टोकाला बसल्या आणि मॅच सुरू झाल्यावर पाच मिनिटांत लक्षात आलं की त्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. डोंगरातले लोक फुटबॉल बघतात, सायकलच्या शर्यती बघतात, बेसबॉल हे किनाऱ्यावरच्या लोकांचं खूळ, असं त्यांचं म्हणणं. शिवाय किनाऱ्यावरचे लोक शब्द अर्धे गिळतात, त्यामुळे कॉमेंट्रीतलं निम्मं त्यांनाही नीट कळायचं नाही.

"म्हणजे तू नागपूरची आणि मी पुण्याचा, तसंच," नवरा मला मराठीत म्हणाला.

तर अशी आमची मॅच चालायची. काकू म्हणायच्या, "तो म्हणतो, मांजराला झाडावरून उतरता येत नाहीये." मग नवरा टीव्हीकडे बघून म्हणायचा, "हां, म्हणजे धावणारा तिसऱ्या बेसवर अडकलाय." त्यांना भाषा यायची, आम्हाला थोडाफार खेळ, आणि दोन्ही जोडून काहीतरी अर्थ लागायचा. थोड्याच दिवसांत त्या सोफ्याच्या टोकावरून मधे सरकल्या. मुलगा पिचिंगला आला की त्या पदराशी चाळा करावा तसा स्वेटरच्या टोकाशी चाळा करत बसायच्या. त्याला त्या कधी भेटलेल्याही नव्हत्या.

मुलगा एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरची खोली घेऊन राहत होता. खोलीत सोबत टीमचा कॅचर. पिचरने टाकलेला चेंडू जो पकडतो तो कॅचर, बॅट्समनच्या मागे उकिडवा बसतो. हा माणूस पस्तिशीच्या पुढचा होता, त्याच किनाऱ्यावर जन्मलेला, तरुणपणी बरीच वर्षं अमेरिकेत खालच्या टीमांमधून खेळलेला. इंग्रजी उत्तम बोलायचा. गुडघे पार गेले होते. मुलगा सांगायचा, सकाळी जिना उतरताना तो उलटा उतरतो, तोंड पायऱ्यांकडे करून.

आमचे फोन रविवारी सकाळी व्हायचे. मी मराठीत बोलायचे, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. हे त्याच्या शाळेपासूनचं. आधी मी आग्रह केला, मग रागावले, मग सोडून दिलं. इथल्या बहुतेक घरांत असंच असतं. पण नोव्हेंबरमधल्या एका रविवारी फोन लागला आणि पलीकडून आवाज आला, "आई, आज मराठी बोल. मी पण मराठी बोलणार."

"का रे?"

"तो इथेच आहे. त्याला इंग्लिश समजते."

तो म्हणजे कॅचर. मुलगा थोडा थांबला. शब्द शोधत होता. "आई, माझी हात दुखते."

"कुठे दुखतो?"

"हाताचा... हाताचा गुडघा."

मला हसू आलं, आणि हसता हसताच कळलं तो काय सांगतोय. कोपर हा शब्द त्याला माहीत नव्हता. ज्या कोपराचं ऑपरेशन झालं होतं, ज्याच्याबद्दल आमच्या घरात कित्येक महिने दुसरं बोलणं नव्हतं, ते सगळं इंग्रजीतच झालं होतं.

"कोपर म्हणतात त्याला," मी म्हणाले.

"कोपर," त्याने म्हणून बघितलं. "कोपर दुखतो. कोणाला सांगू नको. इथे कोणाला माहीत नाही."

"बाबांना सांगते."

"बाबांना सांग. दुसरं कोणाला नको."

त्यानंतर प्रत्येक फोन मराठीत झाला. त्याची मराठी पाच-सहा वर्षांच्या मुलाची होती, कारण त्या वयानंतर त्याने ती वापरलीच नव्हती. भाऊ हा शब्द येत होता, जबाबदारी येत नव्हता. "मला भीती वाटतो" म्हणायचा. मोठ्या माणसाच्या सगळ्या काळज्या तो त्या लहान मुलाच्या शब्दांत बसवायला बघायचा, आणि त्यामुळे त्या लपायच्या नाहीत. इंग्रजीत तो "आय'म फाइन" म्हणून मोकळा झाला असता. मराठीत त्याला असं काही तयार मिळत नव्हतं. मी फोन ठेवल्यावर जरा वेळ तशीच बसून राहायचे. मुलाचं दुखणं ऐकून वाईट वाटत होतं आणि त्याची मराठी ऐकून बरं वाटत होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटणं मला ठीक वाटत नव्हतं.

नवऱ्याला मी त्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "मला दिसत होतं. वेग कमी होतोय." टीव्हीच्या कोपऱ्यातला तो आकडा तो रोज बघत होता आणि मला बोलला नव्हता.

डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी मुलाला फार वाईट वेळी पिचिंगला आणलं. त्यांची टीम थोडक्यात पुढे होती, रन काढताना ज्या तीन थांब्यांना शिवत जायचं असतं, त्या तिन्ही बेसवर समोरच्यांची माणसं उभी. अशा वेळी पिचरने चेंडू नीट रेषेत टाकायचा असतो. सारखा बाहेर गेला तर समोरच्याला फुकट बेस मिळतो, आणि तिन्ही बेस भरलेले असताना तसं झालं की सरळ एक रन जातो. त्याचे चेंडू बाहेर जायला लागले. एक रन गेला. मग दुसरा. स्टेडियममधून ओरडा सुरू झाला, तो समजायला स्पॅनिश यावं लागत नव्हतं. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर गेला. तो टोपी काढून कपाळ पुसत होता, उजव्या हाताने. डावा हात मांडीला चिकटवून ठेवला होता.

कॉमेंट्री करणारा बराच वेळ काही बोलत होता. काकू स्वेटरचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"काय म्हणतोय तो?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "पावसाबद्दल बोलतोय. उद्या पाऊस येणार म्हणतो."

स्पॅनिश मला येत नाही, पण इतके दिवस ऐकून पावसाचा शब्द ओळखता यायला लागला होता. तो आलेला नव्हता. नवऱ्यालाही ते कळलं असणार. त्याने फक्त मान हलवली आणि उठून काकूंच्या कपात कॉफी ओतली.

मग कॅचर उठला. ते दुखरे गुडघे घेऊन तो हळूहळू चालत उंचवट्यावर गेला, हातमोज्याने तोंड झाकून मुलाशी काहीतरी बोलला आणि मान वळवून प्रेक्षकांत कुठेतरी बघितलं. मुलानेही तिकडे बघितलं. थोड्या वेळाने टीमचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, आला आणि मुलाला बाहेर घेऊन गेला. ती मॅच ते हरले.

फोन रविवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी आला. आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो. मी फोन ओट्यावर ठेवला, स्पीकर चालू करून.

"तो काय म्हणाला रे तुला, तिथे?" मी विचारलं.

"तो म्हणाला, ती बाई बघ. तिकडे एक बाई होती, बाळाला भात देत होती. तो म्हणाला, सगळे लोक तुला ओरडतात, पण ती नाही ओरडत. तिला काही माहीत नाही. तू तिला बघून बॉल टाक." मग तो म्हणाला, "मी बघितलं. पण बॉल नाही गेला."

"डॉक्टरला दाखवलंस?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. दाखवलं तर खेळू देणार नाही."

आमच्या घरात सल्ला देणं हे नवऱ्याचं खातं. मला वाटलं आता तो एक, दोन, तीन करून सांगेल. पण तो ओट्याला टेकून उभा होता आणि फोनकडे नुसता बघत होता.

"बाबा, मी काय करू?"

"तिथे तुझा जवळचा कोण आहे?"

"तोच. कॅचर."

"मग त्याला सांग. आम्हाला इथून काही करता येत नाही रे. दुखतंय म्हणून सांगायला काय आहे त्यात. मला तुझी लाज वाटली असती तर गोष्ट वेगळी. मला लाज वाटत नाहीये."

"ओके बाबा," एवढंच म्हणाला.

पुढे काय झालं ते त्याने रविवारी सांगितलं. त्याने कॅचरला सांगितलं, तर कॅचर म्हणाला, मला केव्हापासूनच माहीत आहे. तुझा चेंडू माझ्या हातात येतो, मला कळणार नाही का? आणि दुसरं म्हणजे, तू घरी कुठल्या भाषेत बोलतोस ते मला कळत नाही, पण बोलताना सगळा वेळ कोपर धरून बसतोस. मी वाट बघत होतो तू कधी सांगतोस याची.

हे सांगताना मुलगा हसत होता. बऱ्याच दिवसांनी.

डॉक्टरकडे कॅचरच त्याला घेऊन गेला. कोपरातला हाडं जोडणारा जो पट्टा पूर्वी शिवला होता तोच पुन्हा अर्धवट फाटला होता. त्या सीझनपुरतं तरी फेकणं बंद. आम्ही त्याच्या परतीचं तिकीट बघायला लागलो. नवऱ्याने वरची खोली झाडून ठेवली. पण मॅनेजरने त्याला थांब म्हणून सांगितलं. टीममध्ये सतरा-अठरा वर्षांचे तीन पिचर होते, किनाऱ्यावरच्या खेड्यांतून आलेले. जोरात फेकायचे, पण चेंडू कुठे जाईल ते त्यांनाही ठाऊक नसायचं. त्यांच्यासोबत रोज सकाळी कोणीतरी उभं राहायला हवं होतं. आणि व्हिडिओ बघून कुठे काय चुकतंय ते काढता येणारा टीममध्ये हा एकटाच.

"तुला राहायचंय?" मी विचारलं.

"हो. इथे ती पोरं मला 'प्रोफे' म्हणतात. सर म्हणतात तसं."

"आणि तू त्यांच्याशी बोलतोस कसा?"

"वाईट स्पॅनिशमध्ये. ते हसतात. पण ऐकतात."

मॅचेस बघणं आम्ही बंद केलं नाही. मुलगा आता पिचिंगला येणार नव्हता, कधीतरी कॅमेरा टीमच्या बाकाकडे गेला तर तो कठड्याला रेलून उभा दिसायचा, हातात पाण्याची बाटली. काकूंना तो सगळ्यात आधी दिसायचा. त्या पोरांपैकी एक जण पिचिंगला आला की त्या म्हणायच्या, "हा आपला." खेळ त्यांना आता बऱ्यापैकी कळायला लागला होता आणि मॅनेजरच्या निर्णयांवर त्या नवऱ्याशी वाद घालायच्या. एकदा तर रागावून पाणी न पिताच घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

जानेवारीत त्यांची टीम फायनलला पोचली. फायनल म्हणजे सात मॅचेसची मालिका, आणि ती शेवटच्या मॅचपर्यंत गेली. त्या दिवशी आमच्याकडे बर्फ पडेल म्हणून सगळी ऑफिसं दुपारीच बंद झाली होती. इथे नॉर्थ कॅरोलायनात बर्फाचं नाव काढलं की दुकानांतलं दूध आणि ब्रेड संपतो. काकू जाड कोट घालून, त्यावर शाल घेऊन आल्या. तिकडे टीव्हीत मात्र लोक बनियनवर बसून वारा घेत होते.

कॅचरची ती शेवटची मॅच होती. सगळ्यांना माहीत होतं, तो बॅटिंगला आला की अख्खं स्टेडियम उभं राहायचं. अशा गोष्टींत शेवटी त्याच्याच हातून काहीतरी मोठं घडतं असं आपल्याला वाटत असतं. तसं झालं नाही. शेवटच्या डावात, टीम एका रनने मागे असताना, त्याने चेंडू उंच मारला. काकू उठून उभ्या राहिल्या. चेंडू वर गेला, बराच वेळ वर राहिला आणि समोरच्या टीमच्या एका पोराने तो कुंपणाला पाठ लावून झेलला. संपलं.

कॅचर अर्ध्या वाटेवर थांबला होता. कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. मग बाकावरून सगळी टीम त्याच्याकडे गेली, आणि सगळ्यात पुढे आमचा मुलगा होता. त्याने उजवा हात त्याच्या खांद्याखाली घातला. ते दोघं तसेच चालत बाहेर गेले, एकाचे गुडघे गेलेले आणि एकाचं कोपर.

"कॉमेंट्रीवाला काय म्हणतोय?" मी विचारलं.

काकूंनी डोळे पुसले. "तो काहीच बोलत नाहीये," त्या म्हणाल्या. आणि खरंच, कोणी काही बोलत नव्हतं, नुसता लोकांचा आवाज येत होता.

मुलगा काळा ठिक्कर होऊन घरी आला. पहिला दिवस झोपला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, पोहे करू की उपमा? तर म्हणाला, "आयदर इज फाइन, आई." मी पोहे केले. मराठी तिकडेच राहिली होती. इथे लपवायचं काही उरलं नव्हतं आणि ज्याच्यापासून लपवावं असं कोणी परकंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं सर्जनकडे गेलो. त्याने स्कॅन बघितला, कोपर वाकवून, दाबून बघितलं. मग स्टूलवर बसला आणि सरळ विचारलं, तुला पुन्हा पिचिंग करायचंय का? करायचं असेल तर ऑपरेशन लागेल, आणि वर्षभर थांबावं लागेल, आणि तरी खात्री नाही. करायचं नसेल तर ऑपरेशनची गरज नाही. रोजची सगळी कामं या कोपराने नीट होतील.

मुलगा तपासायच्या टेबलावर बसला होता, खालचा पांढरा कागद तो हलला की चुरचुरायचा. त्याने खिडकीकडे बघितलं. पार्किंग लॉट होता बाहेर. लहानपणापासून तो जे करत आला ते तो करायचा की नाही, हे इथे, अशा खोलीत ठरणार होतं, आणि बाहेर नर्स पुढच्या पेशंटचं नाव पुकारत होती. मला वाटलं, नवरा आता काहीतरी बोलेल. त्याने फक्त आपली खुर्ची जरा टेबलाजवळ ओढली.

"नो," मुलगा म्हणाला. "आय थिंक आय'म डन."

डॉक्टरने मान हलवली, चांगल्या माणसासारखा त्याचा उजवा हात हातात घेऊन जरा दाबला आणि गेला. मुलाने जॅकेट घातलं. डावा हात बाहीत घालताना अडखळला तेव्हा नवऱ्याने बाही धरली. एरवी तो धरू देत नसे.

गाडीत मागच्या सीटवर तो बराच वेळ रडला. आवाज न करता, पण मला आरशात दिसत होतं. नवऱ्याने गाडी घराकडे न नेता लांबच्या रस्त्याने घेतली. घरी पोचेपर्यंत त्याचं रडून झालं होतं आणि त्याला भूक लागली होती.

आता तो दोन तासांवरच्या एका छोट्या कॉलेजात पिचिंगचा असिस्टंट कोच आहे. कॉलेजचं नाव कोणाला माहीत नसतं, मंडळात सांगितलं की लोक पुन्हा विचारतात. तिथे त्याचं बरं चाललंय. एका मुलाने कोपर दुखतंय हे लपवलं होतं, ते त्याने पहिल्याच आठवड्यात ओळखलं, एवढं एकदा फोनवर म्हणाला. ते सांगताना त्याला विशेष काही केल्यासारखं वाटत नव्हतं. कॅचर तिकडेच त्याच टीममध्ये मॅनेजरच्या हाताखाली आहे. त्यांचे एकमेकांना व्हिडिओ पाठवणं चालू असतं.

या ऑक्टोबरला लीग पुन्हा सुरू झाली. पहिल्या मॅचच्या संध्याकाळी मी कामावरून आले तर नवरा लॅपटॉप टीव्हीला जोडत होता आणि काकू आधीच सोफ्यावर बसलेल्या होत्या. त्या तीन पोरांपैकी दोघं अजून टीममध्ये आहेत, एकाला अमेरिकेतल्या टीमने घेतलंय. काकू मला सगळं सांगत होत्या, मला माहीत नसल्यासारखं.

मुलाला मी फोन केला, म्हटलं आम्ही बघतोय, तूही लाव. तो म्हणाला, "नॉट येट, आई." मी बरं म्हटलं. मग त्याने विचारलं, काकू आल्या आहेत का? आल्या आहेत म्हटलं. "टेल हर आय सेड हाय," तो म्हणाला, आणि त्याला प्रॅक्टिसला जायचं होतं म्हणून त्याने फोन ठेवला.